उलटे आभाळ

मुलांनो, या प्रकरणात शिरण्याआधी एक काम करा. डोळे मिटा. तुमच्यासमोर टेबलावर एक मोठी लाकडी फळी आडवी ठेवली आहे असे समजा. तिच्यावर बोटभर जाडीची ओली चिकणमाती थापली आहे, आणि शेजारी निळ्या पाकळ्यांची टोपली आहे. एक पाकळी उचला आणि मातीत हलकेच दाबा. तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी. एक ओळ झाली? आता दुसरी ओळ पहिलीच्या वर लावा, पण अशी की तिची खालची कड पहिलीवर थोडी चढेल. छपरावरची कौले असतात ना, तशी. मग ही फळी उभी केली आणि पाऊस आला, तरी पाणी पाकळीवरून पाकळीवर घरंगळत निघून जाते. ओळी उलट चढवल्या, तर प्रत्येक पाकळीच्या मागे पाणी शिरते, माती सुटते आणि सगळे चित्र गळून पडते. म्हणून थॉर्नलो गावात नुकत्याच चालायला लागलेल्या पोरालाही एवढे ठाऊक असते : खालून वर.

उघडले ना डोळे? पुन्हा मिटा. कारण त्या वर्षी रूबेन आजोबा हे काम असेच करत होते.

आणि हे फक्त त्यांच्या नातीला, नेलला, माहीत होते.

वसंतात एकदा आजोबांनी चहा कपात ओतायचा तो कपाच्या शेजारी, आपल्याच हातावर ओतला. तेव्हा नेल समोर बसली होती. कॉनी काकूने त्या हाताला मलम लावले, पट्टी बांधली आणि "वेंधळेपणा वाढलाय बाबांचा" असे म्हणून ती हॅरॉल्ड काकाबरोबर शेफील्डच्या बसमध्ये बसली. ती गेल्यावर आजोबांनी नेलला जवळ बोलावले.

"चिमणे, तुझा चेहरा मला दिसत नाही. कडेकडेनं थोडं दिसतं, मधोमध नुसता डाग."

"मग डॉक्टरांना सांगू या."

"सांगून झालं. त्यांच्याकडे त्यावर काही नाही. तू मात्र कोणाला सांगू नकोस. हॅरॉल्डला कळलं तर तो मला शेफील्डला नेऊन बसवेल, तिसऱ्या मजल्यावर. तिथल्या खिडकीतून म्हणे समोरची खिडकी दिसते. आणि मला तर तीही दिसायची नाही!"

ते हसले म्हणून नेलही हसली. पण तिने शब्द दिला होता. आणि नऊ वर्षांच्या मुलीने दिलेला शब्द फार जड असतो, मोठ्यांना वाटतो त्यापेक्षा कितीतरी जड.

ऑगस्ट आला. पाकळ्यांच्या चित्रांनी गावातले झरे सजवायचे दिवस आले. थॉर्नलोत दोन झरे, एक चौकातला आणि एक वरचा. वरचा झरा आजोबांच्या दारासमोरच आहे, आणि त्याची सजावट अ‍ॅल्सप घराण्याकडे आहे, आजोबांच्या आजोबांपासून. फळ्या गिरणीच्या तळ्यात बुडवून भिजवल्या गेल्या. नेल आणि गल्लीतली पोरे अनवाणी पायांनी माती तुडवून घोटे रंगवून आली. यंदा चित्र होते बायबलातल्या महापुरात जनावरांच्या जोड्या वाचवणाऱ्या नोहाच्या नौकेचे. खालच्या मोठ्या फळीवर नौका आणि जनावरे, वरच्या फळीवर नुसते आभाळ, आणि त्यात मधोमध एक कबुतर.

नेलचा बाप विल्फ खाणीतून सुटी काढून आला. हॅरॉल्ड काका आणि कॉनी काकू शेफील्डहून आले. दोघे भाऊ एका गोठ्यात, एकाच टेबलाच्या दोन टोकांना उभे राहून काम करत होते आणि एकमेकांशी फक्त निरोपाने बोलत होते. आजीच्या अंत्ययात्रेपासून हे असेच चालले होते.

"नेल, तुझ्या काकाला सांग, कडेला लावायची काळी बोंडं संपली."

"नेल, तुझ्या बापाला सांग, ती त्याच्या कोपराखाली आहेत."

नेलची आई मेव्हिस म्हणाली, "नेल, दोघांनाही सांग, त्या नौकेत दोन गाढवं आधीच चढलीत, आणखी नकोत."

दुपारी बाकी सगळे जेवायला गेले होते. तेव्हा कॉनी काकूला कबुतराच्या आकारात मातीवर टोचलेली भोके दिसेनात, म्हणून हॅरॉल्ड काकाने आभाळाची फळी उजेडासाठी दाराकडे फिरवली. वरची बाजू खाली झाली आणि खालची वर. फळी आडवीच असते, तेव्हा त्यात काही बिघडत नाही. काम करणारा माणूस चित्र बघतो आणि त्या बाजूला जाऊन उभा राहतो.

चहानंतर आजोबा आले आणि आपल्या नेहमीच्या जागी उभे राहिले. आभाळ दरवर्षी तेच लावत. नेल टोपली घेऊन समोरच्या बाजूला उभी राहिली.

"बाबा, चष्मा कुठे तुमचा?" कॉनी काकू शेजारच्या बाकावर कबुतरासाठी पांढऱ्या पाकळ्या निवडत होती.

"खिशात. आभाळाला चष्मा कशाला लागतो? आभाळ मला पाठ आहे."

त्यांनी आपल्या पोटाजवळच्या कडेवर पहिली पाकळी दाबली. नेलने खाली पाहिले. तिच्या बाजूने टोचलेले कबुतर सरळ दिसत होते. म्हणजे फळीची खालची कड तिच्याकडे होती. आजोबा वरून सुरुवात करत होते.

तिने तोंड उघडले. त्याच वेळी कॉनी काकूने मान वर केली.

"काय गं, नेल?"

आता सांगावे तर काकू विचारणार, "तुम्हाला कबुतर दिसलं नाही, बाबा?" आणि मग तिसरा मजला.

"काही नाही, काकू. शिंक येत होती." काकू पुन्हा पाकळ्या निवडण्यात गढून गेली.

आजोबा ओळीमागून ओळ लावत गेले. त्यांची बोटे झरझर चालत होती. कबुतराच्या जागेपाशी आले की नेल हळूच म्हणे, "इथे थांबा." ते थांबत. ते मध्येच शीळ घालत होते. आजी गेल्यापासून नेलने ती शीळ ऐकली नव्हती.

घरी जाताना रस्त्यात सांगायचे, असे तिने ठरवले. पण रस्त्यात आजोबा म्हणाले, "शेवटचं आभाळ असेल हे माझं, पण लागलं छान. बोटांना कळतं गं." मग नेलच्याने बोलवेना. तिने वर पाहिले. ढगाचा पत्ता नव्हता. तिला वाटले, पाऊस येणारच नाही कदाचित. ऑगस्ट महिना, डर्बीशरचे डोंगर, आणि पाऊस येणार नाही! नेल अजून लहानच होती, दुसरे काय.

शनिवारी सकाळी फळ्या झऱ्यावर उभ्या राहिल्या आणि गल्ली बघायला लोटली. आभाळ असे निळे जमले होते की चौकातला झरा सजवणाऱ्या ग्रॅटनबाईसुद्धा नाक मुरडायला आल्या आणि नुसत्याच उभ्या राहिल्या. मग माळरानावरून एक सर आली. सर छोटीच होती. सगळे दारादारांत शिरले आणि ती थांबल्यावर बाहेर आले.

नौका जशीच्या तशी होती. आभाळ मात्र घसरत होते. आधी एक पाकळी सुटली, मग तिच्यामागून पाच-सहा. निळ्यामधून मातीचे करडे ओघळ दिसू लागले.

विल्फने पुढे होऊन पाकळ्यांवरून बोट फिरवले. "उलटं लावलंय. ओळन् ओळ उलटी."

"बाबा असं चुकायचे नाहीत. मग कोणी?" हॅरॉल्ड काकाने विचारले.

"ते तू सांग. तुझी बायको त्या फळीवर बसली होती."

"कॉनीनं कबुतर लावलं. बघ, जागचं हललंय का कबुतर? तुझ्या घरच्यांना विचार आधी."

"माझ्या घरचे वर्षभर इथंच असतात, हॅरॉल्ड. सणापुरते येत नाहीत. आईच्या अंत्ययात्रेलाही तू नंतरचा चहा थंड झाल्यावर उगवलास."

"बस बंद पडली होती! किती वेळा सांगू?"

"फळी कड्यांवरून काढून उलटी टांगली तर?" मेव्हिस मध्येच म्हणाली. दोघांना थांबवायचे म्हणूनच ती बोलली असावी.

"मग कबुतर पाठीवर उडेल," कॉनी काकू म्हणाली. "दुपारी पाद्री येणार आशीर्वाद द्यायला. काय दाखवणार त्यांना? मेलेलं कबुतर?"

ग्रॅटनबाईंना राहवले नाही. "नोहाला पावसाची सवय होती, रूबेन. पण त्याचं आभाळ नव्हतं हो कधी पडलं!"

कोणी हसले नाही. आजोबा झऱ्याच्या दगडी कुंडावर हात ठेवून उभे होते. काय झाले ते त्यांना ऐकून कळले होते, आणि त्यांचा चेहरा त्या मातीसारखा झाला होता. नेलने तो पाहिला.

"आजोबा दमले होते, म्हणून मी लावलं आभाळ," ती म्हणाली.

सगळ्या माना वळल्या.

"तू?" विल्फचा आवाज रागाचा नव्हता. त्यापेक्षा वाईट होता. "नेल, अ‍ॅल्सप ना गं तू? खालून वर, हे तुला सांगायला हवं?"

"विसरले."

"पोरीवर डोळे वटारू नकोस, विल्फ," कॉनी काकू एकदम तिच्या बाजूला सरकली. "नऊ वर्षांच्या मुलीला अख्खं आभाळ देतं का कोणी?"

"तेच मी म्हणतो. दिलं कोणी?" हॅरॉल्ड काका म्हणाला. "आणि बाबा समोर असताना त्यांना दिसलं कसं नाही?"

नेलने आजोबांकडे पाहून मान हलवली. बोलू नका, बोलू नका. तिने ती पुन्हा पुन्हा हलवली. पण तिची हलणारी मान त्यांना दिसणार कशी?

"पोरगी खोटं बोलतेय," आजोबा म्हणाले. "आभाळ मी लावलं. फळीची बाजू चुकली माझी. मला दिसत नाही, हॅरॉल्ड. वसंतापासून दिसत नाही. तिला माहीत होतं, आणि मीच तिला गप्प बसवलं होतं. आता तिला कोणी काही बोलायचं नाही."

 

हॅरॉल्ड काका कुंडाच्या काठावर मटकन बसला. "फळी मी फिरवली," तो म्हणाला. "कॉनीला उजेड हवा होता म्हणून. मला वाटलं, कोणालाही दिसेलच की." त्याने बापाकडे पाहिले. "बाबा, एवढं मोठं कबुतर उलटं पडलं होतं, आणि तुम्हाला..."

"नाही रे."

"आणि तो हात?" कॉनी काकूने विचारले. "चहाचा?"

"तोही त्यामुळेच."

"आणि मी म्हातारा वेंधळा झाला म्हणत सुटले होते." काकूने एप्रनच्या टोकाने डोळे पुसले, आणि मग, माणसे घाबरली की बोलतात तशी, ती भराभर बोलू लागली. "मग आता काय राहिलं? उद्या किटली अंगावर सांडेल, परवा जिन्यावरून पडाल. आमच्याकडे चला. खोली रिकामी आहे. मी असते घरी दिवसभर."

"काही ठरलेलं नाही अजून," विल्फ म्हणाला. "ते माझेही वडील आहेत."

"पण तुला तरी कळलं का? दोन घरं सोडून राहतोस!"

विल्फ आपल्या बुटांकडे बघत राहिला. आणि कशी गंमत असते बघा, बस बंद पडली होती यावर ज्याचा कधीच विश्वास बसला नाही, त्या विल्फच्या खांद्यावर हॅरॉल्ड काकानेच हात ठेवला. "जाऊ दे, कॉनी. आम्हा दोघांनाही नाही कळलं."

"माझं काय करायचं ते ठरवायला तुम्हाला अख्खा हिवाळा पडलाय," आजोबा म्हणाले. "आभाळाला एवढा वेळ नाही. फळी उतरवा."

फळी पुन्हा गोठ्यात आली. कबुतराला धक्का न लावता सगळे निळे खरवडून काढले, माती पाण्याने मऊ केली. पण भिजलेल्या पाकळ्या चुरगळून गेल्या होत्या, आणि अ‍ॅल्सपांच्या बागेतले हायड्रेंजियाचे निळ्या फुलांचे झुडूप केव्हाच बोडके झाले होते. सगळे एकमेकांकडे बघत असताना दारात ग्रॅटनबाई उभ्या राहिल्या. त्यांचा एप्रन निळ्या फुलांच्या गेंदांनी भरला होता.

"आमचा झरा तुमच्यापेक्षा चांगला आहे, तो राहणारच," त्या म्हणाल्या. "पण पडक्या आभाळाला हरवण्यात काय मजा? घ्या. आणि माझ्या झुडपाची दशा बघायला येऊ नका, मला रडू येईल."

नेलने आजोबांचा हात धरला आणि त्यांना फळीच्या खालच्या कडेशी नेऊन उभे केले. त्यांचा अंगठा तिने पहिल्या जागेवर टेकवला.

"ही खालची बाजू, आजोबा. नक्की."

"नक्की?"

"कबुतराचे पाय आपल्याकडे आहेत."

ती पाकळ्या देत गेली. फिक्या आधी, गडद नंतर. आजोबा लावत गेले. पहिल्या काही ओळी झाल्यावर त्यांनी सगळ्यांना बोलावले. "डोळे मिटा. मिटले? आता बोट वरून खाली फिरवा. मऊ लागलं? आता खालून वर. अडलं? अडायलाच हवं. कॉनी, तूही बघ."

कॉनी काकूने डोळे मिटून बोट फिरवले. तिने ते दोनदा फिरवले. मग डोळे उघडून ती सासऱ्याच्या ओळीकडे बघत राहिली. ती ओळ दोरीसारखी सरळ होती. आपले स्टूल ओढून ती त्यांच्या डाव्या हाताशी बसली आणि त्यांच्या हाताकडे बघत लावू लागली.

विल्फ आणि हॅरॉल्ड काका उजव्या बाजूला दाटीवाटीने उभे होते.

"ओळ वाकडी चाललीय तुझी."

"माझी सरळ आहे. तुझ्या वाकडीशेजारी ती तशी दिसते."

मेव्हिस नेलच्या कानात म्हणाली, "ऐकलंस? मधे निरोप्या नाही."

फळी पुन्हा झऱ्यावर चढली तेव्हा चौकातून बँडचा आवाज यायला लागला होता. चौकातला झरा झाला की मिरवणूक इकडे वळणार होती. आभाळ सकाळच्याइतके निळे नव्हते. कुठे फिके, कुठे गडद, कुठे जांभळट. पण खरे आभाळही असेच असते. आणि खरे आभाळ त्या वेळी माळरानावर काळवंडत होते.

कॉनी काकू नवऱ्याला हळू आवाजात म्हणाली, "पाद्री आशीर्वाद देताना पुन्हा गळून पडलं तर? अख्खं गाव बाबांच्या तोंडाकडे बघेल. मला नाही बघवणार. तसं झालं तर उद्याच्या बसनं त्यांना नेऊ या. इथं राहून रोज ते आठवत बसण्यापेक्षा बरं."

आजोबांचे डोळे गेले होते, कान नव्हते. नेलच्या हातातला त्यांचा हात घट्ट झाला.

"आणि नाही पडलं तर?" विल्फने विचारले.

हॅरॉल्ड काकाने डोंगराकडे पाहिले, मग बापाकडे. "नाही पडलं तर बाबा त्यांच्या घरीच राहतील. सकाळचा चहा तू येऊन ओतायचास. आम्ही महिन्याला येऊ, बस चालू असो की बंद. काय, कॉनी?"

"मी नाही म्हणत नाही," काकू म्हणाली. तिच्या बोटांच्या टोकांना अजून निळे लागले होते. "पण आधी पाऊस येऊन जाऊ दे. मग बघू."

सगळे ढगाकडे बघू लागले. तो येतो-नाही, येतो-नाही करत डोंगराच्या खांद्यावर बसून होता. बँड जवळ येत होता. आजोबा ताठ उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते, पण शीळ काही निघत नव्हती.

पावसाची वाट बघत बसायचा धीर नेलला नव्हता.

तिने आजोबांचा हात सोडला. त्यांच्या दाराशी पत्र्याची झारी होती, तिनेच तर त्यांनी आठवडाभर फळ्यांची माती ओली ठेवली होती. ती नेलने झऱ्याच्या धारेखाली धरली. झारी भरली. विल्फने सकाळी फळी टांगायला ठेवलेले स्टूल तिथेच होते. नेल त्यावर चढली.

"नेल!" कॉनी काकू ओरडली. "अगं, काय करतेस? उतर खाली!"

"नेल, नको!" विल्फ म्हणाला, आणि हॅरॉल्ड काका पुढे धावला.

"काय करतेय ती?" आजोबांनी विचारले. "कोणीतरी सांगा मला, काय करतेय?"

नेलने दोन्ही हातांनी झारी डोक्याच्या वर नेली आणि आभाळाच्या वरच्या कडेवर उपडी केली.

पाणी निळ्यावर पडले, पाकळीवरून पाकळीवर उतरले, कबुतराला वळसा घालून, नौकेच्या छपरावरून, हत्तींच्या पाठींवरून खाली आले, आणि दगडी कुंडात टपटपले. एकही पाकळी हलली नाही. हॅरॉल्ड काका हात पुढे करून तसाच थांबला होता. कॉनी काकूने तोंडावरचा हात काढला नव्हता. आजोबा मात्र मान तिरकी करून ऐकत होते, शेवटचा थेंब कुंडात पडेपर्यंत.

"गेलं सगळं खाली?" त्यांनी विचारले.

"सगळं गेलं, आजोबा."

मग नेलने काकूकडे पाहिले. "हा झाला पाऊस, काकू. अजून हवा?" ती म्हणाली, आणि झारी दुसऱ्यांदा भरायला ती स्टुलावरून खाली उतरली.